पाण्याला हात लावायचा नाही

गर्द सुटताना काय होतं, असं कुणी विचारलं की त्याला वाटतं मी आता मनाबद्दल काहीतरी खोल सांगणार. अहो, मन कसलं! पाय. माझे पाय. पोटऱ्यांच्या आत मुंग्यांची जत्रा भरते. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की बसावंसं, आणि आडवं पडलं तर पाय आपले आपण लाथा झाडतात. जळगावला अक्काच्या मागच्या खोलीला पत्र्याचं दार होतं. तिनं मला त्या खोलीत कोंडलं की दिवसभर पत्रा वाजायचा. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "अहो, तुमचा भाऊ दार मोडेल हो!" अक्का दाराबाहेर बसून मेथी निवडायची आणि रडायची. दोन्ही एकदमच.

अक्का माझी थोरली बहीण. आईबाप आमचे लहानपणीच गेले. धुळ्याजवळ पांझरेच्या काठी आमचं गाव, तिथं थोरल्या चुलत्यांनी आम्हाला वाढवलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. अक्काला जळगावात दिली आणि मी आग्रा रोडवर ट्रकला लागलो. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. ब्राऊन शुगरला तेव्हा सगळे गर्दच म्हणायचे. पुडी घ्यायची, सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीवर टाकायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. ज्यानं पहिल्यांदा दिली तो म्हणाला, थकवा जातो. खोटं बोलला नाही बिचारा. थकवा गेला. मग भूक गेली, झोप गेली, ट्रक गेला, आणि एक दिवस गावातून नानांची सायकल गेली. ती मीच नेली आणि धुळ्यात विकली. नाना म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पंचांमधले पहिले पंच. सायकल चोरायला मला तेच सापडावेत!

जळगावच्या एका दवाखान्यात चौदा दिवस काढले. पंधराव्या दिवशी सुटलो, सोळाव्या दिवशी ओढली. अक्कानं तीनदा कोंडलं, तिन्ही वेळा पळालो. दाजी म्हणाले, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. मला राग आला, पण शेपूट खरोखर वाकडंच होतं. चौथ्या वेळी अक्कानं कोंडलं नाही. सकाळी उठून तिनं माझं मनगट धरलं आणि धुळ्याच्या एस.टी.त बसवलं. पारोळ्यापर्यंत मनगट सोडलं नाही, कंडक्टरनं दिलेलं तिकीट दातात धरून बसली. धुळ्याहून गावच्या गाडीत तसंच. आबांच्या ओट्यावर मला ढकलून म्हणाली, "आबा, याले कोंडीसन काही व्हत नही. याना पाय थांबतस नै. याले चालाडा."

आबा म्हणाले, "मी दिनभर दुसरं काय करस?"

ते खरं होतं. आबा पाटकरी होते. आमच्याकडे पांझरेवर बंधारा घालून पाणी पाटानं शेतांत आणायची जुनी रीत आहे. त्या पाण्याखालच्या शेतांचे मोठमोठे तुकडे पाडतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात एकच पीक, मग मालक तीस असोत की चाळीस. आणि सगळ्यात मोठा नियम असा की शेतकऱ्यानं पाण्याला हात लावायचा नाही. शेत त्याचं, ऊस त्याचा, पण बांधावरचं बारं, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, ते उघडायचं आणि बांधायचं पाटकऱ्यानंच. वरच्या शेतापासून सुरू करायचं आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचवायचं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. एका मालकानं एकदा गुपचूप आपलं बारं फोडलं होतं, तर नानांनी त्याच्याकडून देवळात गुळाची ढेप ठेवून घेतली आणि वर्षभर त्याला त्या ढेपेवरून चिडवलं. त्यामुळे आमच्या गावात गंमत अशी होती की वीस-वीस वर्षं ऊस पिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या शेताचं पाणी वळवता येत नव्हतं.

आबांनी मला बरोबर घ्यायचं ठरवलं तेव्हा पंच बंधाऱ्याजवळच्या निंबाखाली बसले. मी लांब उभा. उभा कसला, येरझाऱ्या घालत होतो. नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतस का, आबा? गर्दुल्ला शे तो." आबा म्हणाले, मना पुतण्या शे. नाना म्हणाले, दोन्ही शे. मग त्यांनी अट घातली. चैत्र लागला होता, नदी आटत चालली होती, उन्हाळ्यात फक्त उसाचा फड ओला राहायचा आणि दर शेताची पाळी दहा-बारा दिवसांनी एकदा यायची. पाळी चुकली की ऊस वाळला. "एक बी शेत कोरडं राहिनं ना, तं तुम्हनं पानी गयं, आबा. दुसरा पाटकरी ठेवसूत."

आबांचे वडील पाटकरी, आजोबा पाटकरी. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा आबा, नाही म्हणा, मी आज ना उद्या पळणार आहे. आबा म्हणाले, "कबूल."

मग आम्ही चाललो. काय चाललो म्हणून सांगू! बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत, परत, पुन्हा. पहिले आठ दिवस भर उन्हात मी गोधडी पांघरून चालायचो, कारण अंगात हुडहुडी भरलेली. नाक गळतंय, डोळे गळतायत, पोटात पिळा पडतोय. निंदणीच्या बाया कमरेवर हात ठेवून बघायच्या आणि म्हणायच्या, हाई कोनतं सोंग काढं रे? मी चिडून शिव्या द्यायचो. चारीत ओकायचो. आबा मागे वळून बघायचे नाहीत. पुढे जाऊन एखाद्या बाऱ्यापाशी थांबायचे, मी पोचलो की म्हणायचे, "बांध." गवताचा बुडखा आधी, त्यावर चिखल, मग टाचेनं दाबायचं. हातानं दाबलं की फुटतं. माझी टाच थरथरायची, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी बांधलेलं एकही बारं टिकलं नाही. आबा न बोलता ते पुन्हा बांधायचे. मला त्याचासुद्धा राग यायचा. दोन शिव्या घातल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

पाटकऱ्याच्या जेवणाची एक रीत होती. ज्याच्या शेतात पाणी, त्याच्या घरची भाकर. म्हणजे तीस घरांना आळीपाळीनं मला खाऊ घालायची वेळ आली. सुरुवातीला कुणाला ते आवडलं नाही. मी त्यांच्यापैकी निम्म्यांकडून काही ना काही उचललं होतं. एक काकू होत्या, बाराव्या शेताच्या, त्या पहिल्या दिवशी भाकरीवर ठेचा ठेवत म्हणाल्या, "भाकर देसू, पन थाळी परत करशी ना रे, भाऊ?" आणि बाकीच्या बाया खो खो हसल्या. मी थाळी पाण्यात धुतली, नेऊन त्यांच्या समोर आपटली. काकू म्हणाल्या, "आपटू नको, पोचा येस." दुसऱ्या फेरीला त्यांनी भाकरीबरोबर कांदा फोडून दिला. तिसऱ्या फेरीला स्वतः बांधावर बसल्या.

हळूहळू एक प्रश्न सुरू झाला. मी दिसलो की लोक विचारायचे, "आज पाय कसा शेतस?" बैलाच्या दुखऱ्या खुराची चौकशी करावी तसं. तब्येत कशी नाही, मन कसं नाही, ओढलीस का नाही. पाय कसे. मी म्हणायचो, आज कमी शेतस. किंवा म्हणायचो, आज मरणाचे. मरणाचे असले तर कुणीतरी काम टाकून माझ्याबरोबर दोन शेतं चालायचं. बोलायचं नाही फारसं. उसाचं, जावयाचं, कुणाच्या म्हशीचं काहीतरी बोलायचं आणि आपल्या शेताची हद्द आली की पुढच्याच्या हवाली करून परत जायचं. हे कुणी ठरवलं होतं असं मला वाटत नाही. पाणी एका शेतातून दुसऱ्या शेताला देतात ना, तसंच मलाही पुढे देत होते. नाना मात्र चालायचे नाहीत. त्यांचं शेत सगळ्यात शेवटचं. पाणी पोचलं की ते बांधावर उभं राहून आबांना म्हणायचे, पोचनं. माझ्याकडे बघायचे नाहीत.

असे दीड-दोन महिने गेले. माझी टाच बसायला लागली. मी स्वतःवर खूश व्हायला लागलो, आणि तीच चूक झाली.

जेठात आबांना हिवताप आला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला एकट्याला पाण्यावर पाठवलं. चार दिवस मी एकट्यानं पाणी सांभाळलं. पाचव्या दिवशी दुपारी काकूंच्या, म्हणजे बाराव्या शेतात पाणी चालू होतं. मी पाटात पाय सोडून बसलो होतो आणि वरून काहीतरी चमकत वाहत आलं. सिगरेटच्या पाकिटातली चांदी. कुणीतरी वर कुठंतरी सिगरेट काढून टाकली असेल. एवढंच. कागदाचा तुकडा. माझ्या पायाला तो लागला आणि तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगतो, मी विचार केला नाही. कुणी म्हणतं मोहाशी झगडलो, अमकं केलं. मी काही झगडलो-बिगडलो नाही. उठलो. पाय निघाले. सडकेवर आलो, धुळ्याला जाणाऱ्या एका टेम्पोला हात केला. बारं उघडंच होतं.

धुळ्यात नेहमीच्या माणसाकडून पुडी मिळाली. ओढायला जाऊन बसलो तो पांझरेच्याच काठावर. बघा, म्हणजे गाव सोडून पळालो आणि गावच्याच नदीवर येऊन बसलो. पहिला धूर आत गेला, पाय गप्प झाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा संपूर्ण गप्प. आणि मग मला दिसलं की आता या वेळी काकूंचा बांध फुटला असेल, पाणी सगळं नाल्यात चाललं असेल, पुढची अठरा शेतं कोरडी, नाना बांधावर उभे, आणि आबा खाटेवर. आबांचं पाणी गेलं. मी रडलो नाही. दुसरी ओढली. हेही सांगितलं पाहिजे.

रात्र धुळ्याच्या स्टँडवर काढली. सकाळी पहिल्या गाडीनं परत गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. जळगावची गाडी शेजारीच उभी होती, मी तिच्यातही बसू शकलो असतो.

सडकेवर उतरून बंधाऱ्याकडून पाटानं चालत निघालो. अकरा शेतं माझ्या हातची, ठीक होती. बाराव्याला मी डोळे मिटले आणि उघडले. काकूंचं बारं बांधलेलं होतं. म्हणजे, बांधलेलं कसलं, बुजवलेलं होतं. त्यात एक जुनं लुगडं कोंबलेलं, वर धुण्याचा दगड. तेराव्या शेताच्या बाऱ्यात गव्हाचं पोतं, अर्धं भरलेलं, आतला गहू भिजून फुगलेला. चौदाव्याला खाटेचा पाय आणि गोधडी. पंधराव्याला मातीचा एवढा मोठा ढीग की बैलगाडी अडली असती. कुठं बांध फुटून पुन्हा फळी ठोकलेली. कुठं पाणी जास्त झालं होतं, कुठं सरीत जेमतेम ओल. पण ओल होती. मी एकेक बारं बघत गेलो आणि कुणाचं कोणतं ते मला न विचारता कळत होतं. ज्यांनी आयुष्यात पाण्याला हात लावला नव्हता त्या तीस घरांतल्या एकोणीस घरांनी काल दुपारपासून रात्रभर आपापल्या बांधावर उभं राहून, शिव्या देत, एकमेकांना ओरडत, पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात ढकललं होतं. शेवटच्या शेतात, नानांच्या बाऱ्यात, चिखलानं माखलेला एक पांढरा फेटा होता. ऊस ओला होता.

मला राग आला. तुम्ही म्हणाल, राग कसला? अहो, त्यांनी मला बांधून मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, बघा, अशी माणसं, आणि निघून गेलो असतो. आता जायला तोंडच उरलं नव्हतं.

परतताना काकू भेटल्या. काल भाकर घेऊन आल्या तेव्हा पाणी बांधावरून वाहत होतं आणि मी नव्हतो. त्यांनी मला हाका मारल्या, मग शेजारच्या शेताला हाक मारली, त्यानं पुढच्याला. एवढं त्यांनी सांगितलं. कुठं गेला होतास असं विचारलं नाही. कपात चहा ओतून म्हणाल्या, "घे. काल तू जेवना नही."

आबांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी घरात गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताप उतरला होता. मला म्हणाले, "पानी शेवटलोंग पोचनं?"

"पोचनं."

"नानाना शेतलोंग?"

"हो."

मी थांबलो असतो तर चाललं असतं. दोन वर्षं मी खोटंच बोलत होतो, त्यात आणखी एक. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी नही पोचाडं, आबा."

ते वळले. "मंग कोनी पोचाडं?"

"बठ्ठासनी," मी म्हटलं. सगळ्यांनी.

आबा एकदम उठून बसले. "बठ्ठासनी?" डोळे एवढे मोठे. "आरे देवा! मंग बांध राहिना का नही?"

मला हसू आलं. इतकं हसू आलं की थांबेना, आणि हसता हसताच हुंदका फुटला, आणि मग मी आबांच्या खाटेची कड धरून लहान पोरासारखा रडलो. माझं रडणं संपेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "ओढी?"

"ओढी."

"आते पाय कसा शेतस?"

"थांबतस नै."

"मंग आठे कसाले बठना? जाय, बठ्ठी बारी नीट बांध. दोन दिनमां पाळी वर येई." मी उठलो तर त्यांनी पुन्हा बोलावलं. "आनि नानाले सांग. तू गयथा म्हनीसन सांग. खोटं बोलीसन राखेल पानी माले नको."

मी म्हटलं, आबा, तुमचं काम जाईल. ते म्हणाले, माले माहीत शे. आणि परत भिंतीकडे वळले.

त्या दिवशी मी अठरा बारी उकरली आणि अठरा बारी बांधली. उन्हात. अंगात पुन्हा तीच हुडहुडी, नाक गळतंय, टाच थरथरतेय. प्रत्येक शेतावर मालक येऊन उभा राहायचा. कुणी पोतं उचलून न्यायचं, कुणी गोधडी पिळायचं. "आज पाय कसा शेतस?" मी म्हणायचो, मरणाचे. मग तो पुढच्या शेतापर्यंत बरोबर यायचा. सतराव्या शेताला मला वाटलं, आता परत धुळे. सडक तिथून दिसते. अठराव्या शेताच्या मालकानं माझ्या हातातलं फावडं घेतलं, थोडा वेळ स्वतः उकरलं, वाईटच उकरलं, आणि मला परत दिलं.

नानांच्या शेतापाशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नाना बांधावर एकटे बसले होते, डोक्याला काही नव्हतं. त्यांचं टक्कल मी कधी बघितलंच नव्हतं. मी समोर उभा राहिलो. पाय स्थिर ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"नाना, काल मी पान्यावर नव्हतो. धुळाले गयथो. ओढीसन उनू. आबाले काही माहीत नव्हतं. पंचमां काय सांगानं ते सांगा."

नानांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. सायकलीनंतर पहिल्यांदा.

"माले दिसत नही का? आंधळा शे का मी?" मग उसाकडे हात केला. "कोरडं शे का मनं शेत?"

"नही."

"मंग? अट शेतनी व्हती. तुनी नव्हती."

वाटलं, आता म्हणतील, जा, पुन्हा असं करू नको. म्हणाले असते तर मी शप्पथ घेतली असती. शपथा मी दवाखान्यात घेतल्या होत्या, अक्काच्या डोक्यावर हात ठेवून घेतल्या होत्या, त्या मला पाठ होत्या.

नाना उठले. धोतराचा काचा वर खोचला आणि एवढा मोठा माणूस गुडघाभर चिखलात उतरून बाऱ्यापाशी वाकला.

"ये आठे," म्हणाले. "हाई कसं बांधतस ते माले शिकाड. तू परत पळी गया तं?"

मी शिकवलं. त्यांना तीनदा जमलं नाही, चौथ्यांदा पाणी थांबलं. पुढे ते त्यांना एकदा करावं लागलं, आखाडात, पाऊस लांबला होता तेव्हा. त्यानंतर नाही.